दिवाळीत लावलेला हॉल चैत्रात पुन्हा विस्कटतो: कारणं आणि घरातल्याच सामानावरचा इलाज

तक्रार दरवर्षीची आणि घरोघरची आहे. दिवाळीआधी जळमटं काढताना सोफा या भिंतीकडून त्या भिंतीकडे जातो, दिवाण खिडकीखाली येतो, शोकेसमधली पितळी भांडी घासूनपुसून पुन्हा मांडली जातात, चारदोन तसबिरींची जागा बदलते. लक्ष्मीपूजनाला आलेली मंडळी विचारतात, "नवीन सोफा घेतला का?" रुपयाही न खर्चता घर नवं दिसतं. मग होळी होते, उन्हाचा चटका वाढतो, गच्चीवरच्या खोलीतून कूलर खाली येतो आणि पंधरा दिवसांत हॉल होता तसा होतो. खुर्च्या दारात, टीपॉय भिंतीला टेकवलेला, दिवाण पुन्हा जुन्या कोपऱ्यात आणि भिंतीवरच्या फ्रेमा तिरक्या.

मी जळगावात राहते. आमचा हॉल दहा फूट बाय चौदा फूट, दोन खिडक्या आणि तीन दारं. त्यात सासऱ्यांचा सागवानी दिवाण, आमच्या लग्नातला सोफा, सनमायका लावलेली शोकेस, लोखंडी कपाट, शिवणाचं पायमशीन आणि अमळनेरकडच्या गावच्या घरातून आलेल्या दोन सागवानी पेट्या. भिंतींवर माझ्या वडिलांची जलरंगातली तीन चित्रं, आईने माझ्या रुखवतासाठी केलेला मण्यांचा मोर आणि आजेसासऱ्यांचा फोटो. यातलं काही विकायचं नाही आणि नवीन काही घ्यायचं नाही, हे आमचं ठरलेलं. सलग सहा वर्षं दिवाळीची मांडणी चैत्रात मोडली. सातव्या वर्षी मी नवी मांडणी न करता जुनी का मोडते ते शोधायला बसले. तेव्हापासून तीन उन्हाळे गेले, मांडणी टिकून आहे. धुळ्याला नणंदेकडे आणि भुसावळला बहिणीकडेही हाच इलाज केला आणि तिथेही तो लागू पडला. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी दोष ओळखा

घर विस्कटलं की आपण घरातल्या माणसांना बोल लावतो. मला ते पटत नाही. एखादी वस्तू पुन्हापुन्हा एकाच जागी जात असेल, तर तिथे तिचं काहीतरी काम असतं. ते काम कळलं की अर्धा इलाज झाला.

आठवडाभर रोज रात्री झोपण्यापूर्वी हॉलचा एक फोटो काढा. कोपरा रोज तोच, आणि काहीही न आवरता. मग सातही फोटो शेजारीशेजारी ठेवून पाहा. आमच्याकडे प्लास्टिकची खुर्ची सातही दिवस गॅलरीच्या दारात होती, कारण सासऱ्यांना पेपर वाचायला पुरेल इतका उजेड फक्त तिथेच होता. टीपॉय पाच दिवस भिंतीला लावलेला होता, कारण तो स्वयंपाकघरातून गॅलरीत धुणं वाळत घालायला जाण्याच्या वाटेत येत होता. आणि सासूबाई पश्चिमेच्या भिंतीला लावलेला दिवाण सोडून खाली गादी टाकून झोपत होत्या. आम्हाला वाटायचं, त्यांना जमिनीवरच बरं वाटतं. एका रात्री साडेनऊला मी त्या भिंतीला हात लावून पाहिला. तापलेल्या तव्याजवळ हात न्यावा तशी धग येत होती.

कारणं तीनच निघाली: वारा, वाट आणि ऊन. आम्ही मांडणी करायचो ती ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या गार हवेत, त्या दिवसांतल्या उजेडाकडे बघून. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या गावात घराचा खरा कस उन्हाळ्यात लागतो, आणि उन्हाळ्याचा विचार आमच्या मांडणीत कुठेच नव्हता.

कूलरची जागा आधी, सोफ्याची नंतर

माझ्या आजेसासूबाईंना घरात कुठलीही वस्तू हलवताना एकच गोष्ट विचारायची सवय होती: "वारा कथाईन येई?" वारा कुठून येईल, ते आधी सांगा. त्या काळी घरात कूलर नव्हता, समोरासमोरची दोन दारं होती. प्रश्न मात्र आजही तोच आहे.

कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या जाळीतून ओढतो. जाळीतलं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, म्हणून हवा गार होते, आणि त्याच वेळी ती दमटही होते. ही दमट हवा खोलीबाहेर जायला जागा हवी. ती नसेल तर तासाभरात खोली चिकचिकते, कूलर पाणी ओढत राहतो आणि गारवा येत नाही. म्हणजे कूलरची पाठ खिडकीबाहेर हवी आणि त्याच्या समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी उघडी हवी. आमच्याकडे समोरच्या खिडकीपुढे दिवाळीत दिमाखात शोकेस उभी केलेली असायची. घरातलं हे सगळ्यात मोठं मुसळ केरात होतं.

खडू घ्या. कूलर जिथे लागणार आहे तिथून समोरच्या उघड्या खिडकीपर्यंत फरशीवर दोन रेघा ओढा, मध्ये अडीचतीन फूट अंतर ठेवून. ही वाऱ्याची वाट. या पट्ट्यात गुडघ्यापेक्षा उंच सामान ठेवायचं नाही. दिवाण चालेल, पेटी चालेल, टीपॉय चालेल. शोकेस, कपाट आणि सोफ्याची उंच पाठ चालणार नाही. कागदावरचं कुठलंही चित्र या पट्ट्याच्या टोकाला टांगायचं नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

दुसऱ्या रंगाच्या खडूने माणसांची वाट काढा: मुख्य दारातून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गॅलरीत. इथेही किमान अडीच फूट मोकळे लागतात. हातात धुण्याची बादली घेऊन माणूस यापेक्षा कमी जागेत सरळ चालू शकत नाही. सोफा आणि टीपॉय यांच्यात मात्र दीड फूट पुरतं, म्हणजे पाय मावतात आणि कपही हाताशी राहतो.

खडूच्या या चार रेघा झाल्यावर जी जागा उरते, तीच सामानाची. आमच्या हॉलमध्ये ती दिसत होती त्याच्या निम्मीच निघाली. सहा वर्षं आम्ही उरलेली निम्मी जागाही भरत होतो.

हलवण्याआधी कागदावर

वजनदार सामान चारदा ओढून फरशी आणि कंबर दोन्ही खराब करू नका. ए-फोर कागदावर १ फुटाला २ सेंटिमीटर असं माप धरलं, तर दहा बाय चौदाचा हॉल २० बाय २८ सेंटिमीटरचा होतो आणि कागदावर बरोब्बर मावतो. दारं कोणत्या बाजूला उघडतात ते कमानीने दाखवा. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद कापून त्याच मापाने दिवाण, सोफा, कपाट, शोकेस करा. तुकड्यांवर नावं लिहा आणि जेवणं झाल्यावर घरातल्या सगळ्यांना भोवती बसवून सरकवायला लावा. सासऱ्यांनी त्या कागदावर दिवाण जिथे ठेवला, जवळपास तिथेच तो आजही आहे.

एक दुरुस्ती सांगते. कागदावर उंची दिसत नाही. म्हणून साडेपाच फुटांच्या वरच्या वस्तूंच्या तुकड्यांवर लाल ठिपका द्या. लाल ठिपके एकमेकांच्या जवळ, एकाच भिंतीला हवेत. उंच वस्तू चार भिंतींना विखुरल्या की लहान खोली विहिरीसारखी वाटते.

पश्चिमेची भिंत

दिवसभर तापलेली वीट-सिमेंटची भिंत उष्णता लगेच आत सोडत नाही. नऊ इंची भिंतीतून ती आत यायला पाचसात तास सहज लागतात. म्हणून दुपारी साधी वाटणारी पश्चिमेची भिंत रात्री नऊदहाला भाजते. त्या भिंतीला माणूस झोपेल असं काही लावू नये. तिथे उंच लाकडी कपाट, पुस्तकांची मांडणी किंवा शोकेस उभी करा, भिंतीपासून दोनतीन इंच सोडून. मधल्या हवेमुळे आणि भरलेल्या सामानामुळे धग खोलीत कमी येते. नवीन काहीच न घेता जी सगळ्यात मोठी सुधारणा आमच्याकडे झाली ती ही. लोखंडी कपाट तिथेच ठेवावं लागत असेल तर त्यात गोधड्या, चादरी ठेवा. औषधं, फोटोंचे अल्बम आणि मेणबत्त्या दुसरीकडे हलवा.

भिंतीवरची चित्रं: खरं नुकसान इथे होतं

फर्निचर चुकीच्या जागी गेलं तर परत आणता येतं. चित्राचं तसं नसतं. उडालेला रंग परत येत नाही. माझ्या वडिलांनी काढलेलं केळीच्या बागेचं एक जलरंगचित्र मी दोन वर्षं दक्षिणेच्या खिडकीसमोर, उत्तरेच्या भिंतीवर टांगलं होतं. मे महिन्यात मी स्वतः उभं राहून पाहिलं होतं, तिथे ऊन येत नव्हतं. तरी हिरव्यातला पिवळा उडाला आणि केळीची पानं निळसर झाली.

चूक कुठे झाली ते नंतर समजलं. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे अखेरीला मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही. डिसेंबरात मात्र मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवरच राहतो. तेव्हा छज्जा आड येत नसेल तर खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, तितकं लांब ऊन आत शिरतं. सात फुटांवर कड असेल तर सात फूट, आणि सकाळ-संध्याकाळी त्याहूनही लांब. म्हणजे हिवाळ्यात, खिडकीजवळ बसून ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं त्याच दिवसांत, ते चित्र भाजत होतं. पश्चिमेच्या खिडकीचंही तसंच. उन्हाळ्यात सूर्य वायव्येकडे मावळतो, हिवाळ्यात नैर्ऋत्येकडे, म्हणून उन्हाचा चौकोन वेगवेगळ्या भिंतींवर पडतो.

यासाठी तीन दिवस पाळा: डिसेंबरच्या शेवटी, मार्चच्या शेवटी आणि मेच्या शेवटी. त्या दिवशी दर दोन तासांनी उन्हाचा चौकोन भिंतीवर कुठवर येतो तिथे पेन्सिलने बारीक खूण करा. जिथे तिन्ही दिवसांची एकही खूण नाही, ती जागा जलरंगांची, जुन्या फोटोंची आणि भरतकामाची. जिथे खुणा आहेत तिथे पितळेची परात, काचेच्या मण्यांचं तोरण, लाकडी कोरीव पट्टी, मातीचं काम टांगा. त्यांना उन्हाचं भय फार नसतं. मण्यांचा मोर मी असाच उन्हाच्या भिंतीवर नेला. मणी झळाळतात, पण मोर ज्या कापडावर शिवलेला आहे ते कापड आणि दोरा उन्हाने कुजतो, हे लक्षात आल्यावर त्याला वर्षातले चार महिनेच तिथे ठेवते. तसबिरीची साधी काच उजेड अडवत नाही, तिच्या भरवशावर राहू नका.

आजेसासऱ्यांच्या फोटोसाठी वेगळा मार्ग घेतला. फोटो स्टुडिओतून त्याची चांगली प्रत काढून घेतली, प्रत भिंतीवर लावली आणि मूळ फोटो कागदात गुंडाळून कपाटाच्या मधल्या खणात, अंधारात ठेवला. घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी हे पटलं नाही. प्रत मुळाहून स्पष्ट दिसायला लागल्यावर पटलं.

दुसरं नुकसान ओलीने होतं. कूलरच्या दिवसांत दमट हवा लागली की कागद फुगतो, कूलर बंद केल्यावर बाहेरची कोरडी झळ लागली की आक्रसतो. दिवसातून दोनदा असं झालं की चित्रावर लाटा येतात. फोटो थेट काचेला चिकटलेला असेल तर त्याचा वरचा थरच काचेला धरतो. म्हणून चित्र आणि काच यांच्यामध्ये माउंटच्या पुठ्ठ्याची, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची, फट हवीच. फ्रेमवाल्याकडे गेलात तर ही एक गोष्ट आग्रहाने मागा. फोटो आधीच काचेला चिकटला असेल तर सोलू नका. काचेसकट नेऊन त्याची प्रत काढून घ्या. चित्रामागचा हार्डबोर्डही काही वर्षांत कागदावर तपकिरी डाग पाडतो, म्हणून मध्ये आम्लविरहित कागद घालायला सांगा.

बुरशीचे ठिपके दिसले तर ओल्या फडक्याला हात लावू नका. नाकातोंडाला रुमाल बांधा, फ्रेम घराबाहेरच्या ओट्यावर किंवा गच्चीत सावलीत न्या, मागचा बोर्ड काढून दिवसभर कोरड्या वाऱ्यावर राहू द्या आणि मऊ कोरड्या ब्रशने हलक्या हाताने झटका. हे घरात करू नका, नाही तर तीच बुरशी शेजारच्या तसबिरीला लागते. मग फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना जुन्या रबरी चपलेचे बोटाएवढे तुकडे चिकटवा. फ्रेम भिंतीपासून अर्धा सेंटिमीटर सुटते, मागून हवा खेळते आणि पावसाळ्यात भिंतीची ओल लागत नाही.

याच तुकड्यांनी तिरकेपणाही निम्मा जातो. उरलेला निम्मा एका खिळ्यामुळे असतो. एक खिळा आणि एक सुतळी असली की दार आपटलं, झाडू लागला, पंख्याचा वारा आला की फ्रेम कलते. फ्रेमच्या रुंदीचे तीन भाग करा आणि भागांच्या दोन खुणांवर दोन खिळे ठोका. सुतळी सैल होते आणि कुजते, त्याऐवजी बारीक तार वापरा. काँक्रीटच्या भिंतीत खिळा वाकत असेल तर ड्रिलने भोक पाडून प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू. गावाकडच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, माती गळत राहते. तिथे भिंतीला त्रास न देता छताच्या लाकडी कडीला हुक लावून साखळीने फ्रेम खाली सोडा. आमच्या गावच्या घरात आजही दोन तसबिरी तशाच आहेत.

उंचीबद्दल थोडं. जुन्या घरांत तसबिरी दाराच्या चौकटीच्या वर, पुढे झुकवून टांगलेल्या असत. त्याला कारण होतं: माणसं खाली बसत, वर बघत, आणि झुकल्यामुळे काचेवर दाराचा उजेड चमकत नसे. आता आपण सोफ्यावर बसतो, पण हात सवयीने तिथेच खिळा ठोकतो. चित्र छताजवळ जातं आणि खाली रिकामी भिंत राहते. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर आणा. सोफ्याच्या किंवा दिवाणाच्या वर लावायचं असेल तर फ्रेमची खालची कड पाठीपासून सहा ते आठ इंच वर. छोटी चित्रं सुटी टांगू नका. तीनचार एकत्र आणून मध्ये दोनतीन इंच ठेवा आणि तो सगळा समूह खालच्या सामानाच्या रुंदीच्या दोनतृतीयांश होईल असं बघा. खिळा ठोकण्याआधी फ्रेमच्या मापाचे वर्तमानपत्राचे तुकडे भिंतीला चिकटवून दोन दिवस तसेच राहू द्या. जाता-येता बघून जे खटकतं ते कागदावरच दुरुस्त होतं.

देवाच्या तसबिरींना मी या मापात बसवत नाही. त्या देवघराजवळ, जिथे हात जोडले जातात त्या उंचीवर.

वेगवेगळ्या पिढ्यांचं सामान एकमेकांशी जुळत नाही

सागवान, सनमायका, लोखंड, प्लास्टिक. सगळं एका रंगात रंगवण्याचा मोह होतो. सागवानावर ऑइलपेंट मारू नका, ही मनापासून विनंती. सातपुड्यातल्या जुन्या सागाचा दिवाण एकदा रंगवला की रंग काढताना त्याची कोरीव कड झिजते. कोरड्या कापडाने धूळ काढा, किंचित ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या आणि जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या, जास्तीचं पुसून घ्या. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आतल्या आत तापून पेट घेऊ शकतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हा धोका अधिक. पाण्यात बुडवून ठेवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

जुळवण्याचं काम कापडाने होतं. सासूबाईंची दोन जुनी नऊवारी पातळं होती, एकाच अमसुली रंगाची. त्यातून सोफ्याच्या उशांचे अभ्रे, दिवाणाच्या लोडाची खोळ आणि पायमशीनवरचा रुमाल झाला. एक रंग खोलीत तीन ठिकाणी दिसला की नजर तो धागा धरते आणि सागवानाशेजारी सनमायका खुपत नाही.

पावसाळ्यात पेटीचा खण अडकतो. मिस्त्रींना बोलावून रंधा मारून घेऊ नका. आमच्या मिस्त्रींनीच मला थांबवलं. "वहिनी, आत्ता तासलं तर एप्रिलमध्ये खण लोंबकळेल." लाकूड ओलीने फुगलंय, वाळलं की बसतं. तोवर खणाच्या कडांवर पांढरी मेणबत्ती घासा.

पितळी भांडी बारा मांडण्यापेक्षा तीन मांडा, बाकीची फिरवत राहा.

उजेडाची जागा

चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे. १९१२ ते १९८९ हा त्यांचा काळ. आयुष्यातली कितीतरी वर्षं ते त्या घरातून क्वचितच बाहेर पडले, आणि आता ते घरच त्यांच्या कलेचं संग्रहालय आहे. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यातून अख्खं निसर्गदृश्य भासवणारी टेबलटॉप छायाचित्रं हे त्यांचं मोठं काम. खान्देशात राहून घर लावायचा विचार करणाऱ्याने ती एकदा पाहावीत असं मला वाटतं. वस्तू मूठभर, आणि सगळी किमया मांडणीची व उजेडाची.

ती पाहून आल्यावर मी एक नियम धरला: वस्तू हलवण्याआधी दिवा हलवून बघायचा. हॉलच्या मधली ट्यूब सगळीकडे सारखा सपाट उजेड टाकते. झोपायच्या खोलीतला टेबललॅम्प मी सागवानी पेटीवर आणला आणि तो भिंतीवर तिरका पडेल असा ठेवला. दिवाणाचं कोरीव काम पहिल्यांदाच रात्री उठून दिसलं. दिव्याचं तोंड जलरंगाकडे मात्र वळवलेलं नाही. सासऱ्यांच्या खुर्चीचा प्रश्नही उजेडाचाच होता. त्यांच्यासाठी खुर्चीची कायमची जागा गॅलरीच्या दाराशेजारी, वाटेबाहेर काढली, आणि मग ती दारात यायची थांबली.

वर्षातून दोनदा, ठरवून

एकच मांडणी बारा महिने टिकेल हा हट्ट मी सोडला. जड सामान कायमचं एका जागी: कपाट, शोकेस, दिवाण, पायमशीन. ते उन्हाळ्याच्या हिशेबानेच बसवलेलं आहे. हलकं सामान आणि चित्रं वर्षातून दोनदा हलतात. होळीनंतर कूलर लागतो त्या दिवशी वाऱ्याच्या पट्ट्यातली चित्रं उतरून आतल्या खोलीच्या भिंतीवर जातात आणि त्यांच्या खिळ्यांना पितळी परात व सूप लागतं. गालिचा गुंडाळून पेटीत जातो, टीपॉय भिंतीला. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नणंदा, भाचरं माहेरपणाला येतात तेव्हा हॉलमध्ये रात्री सहा गाद्या पडतात, म्हणून मधली फरशी मोकळीच हवी. नवरात्राच्या आधी कूलर उतरला की सगळं परत.

मधे श्रावणात कानबाई, म्हणजे आमच्या खान्देशातली देवी, घरी येते. ज्यांच्याकडे कानबाई बसते त्यांना सांगायला नको की त्या आठवड्यात घर किती स्वच्छ करावं लागतं. चौरंग कोणत्या भिंतीला लागणार आणि रोटाच्या, म्हणजे तिच्या प्रसादाच्या, पंगतीला माणसं कुठे बसणार, हे आता जड सामान बसवतानाच पाहिलेलं आहे. चौरंगाची भिंत वर्षभर एकाच तसबिरीने भरलेली असते. ती उतरवली की झालं. पूर्वी कानबाईच्या त्या एका रविवारासाठी शोकेस ओढावी लागायची, आणि एकदा ओढली की दिवाळीपर्यंत ती तशीच आडवी राहायची.

दोन्ही मांडण्यांचे कागद, उन्हाळी आणि हिवाळी, लोखंडी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. कुठल्या खिळ्यावर कोणती फ्रेम, हेही त्यावरच लिहा आणि तोच आकडा फ्रेमच्या मागे. मग कूलर उतरवायला मुलगा असो की शेजारचा भाचा, विचारायला कोणी थांबत नाही. आमच्या उन्हाळी कागदावर तीन वर्षांत पेनाने एकच दुरुस्ती झाली आहे: सासूबाईंनी दिवाण वाऱ्याच्या पट्ट्यात आणखी सहा इंच सरकवून घेतला.